कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम आणि आपले विद्यार्थी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, मढ मुक्कामी, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी उच्च शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा अध्यक्षांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेले. विद्यापीठाच्या आवारात आम्ही पाऊल टाकले ते एकदाच, आणि तेही दुसऱ्याच्या मुलाचे प्रमाणपत्र आणून देण्यासाठी. अशा माणसाने विद्यापीठातील अभ्यासक्रमावर, आणि तोही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, बोलावे हे धारिष्टच होय. परंतु गेल्या दिवाळीत एक गोष्ट अशी घडली की, तिच्यामुळे या विषयात लक्ष घालणे आम्हांस भाग पडले.

आपल्या समाजातील एक कन्या पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. शाखेचे नाव ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’. चौथीपर्यंत ती आमच्याच हाताखाली होती. तिच्या संमतीनेच हे सांगत आहोत. दिवाळीच्या सुटीत ती गावी आली ती थेट आमच्या ओट्यावर. हातात दोन छापील कागद होते. म्हणाली, “गुरुजी, इंग्रजी मला वाचता येतं, पण यात माझं काय चुकलं तेच कळत नाही. तुम्ही बघा.” ते कागद म्हणजे सत्राच्या पहिल्या दिवशी वर्गात वाटलेले नियमपत्रक होते. विषयात काय शिकविले जाईल, विद्यार्थ्याकडून अपेक्षा काय, आणि काय केल्यास गुण जातील, हे त्यात लिहिलेले होते. तिने लिहिलेल्या एका अहवालास शून्य गुण पडले होते.

आम्ही ते पत्रक शब्दकोश जवळ घेऊन तीन वेळा वाचले. आपल्यापैकी फार थोड्या पालकांनी असे पत्रक पाहिले असेल, यास्तव त्यातील आशय येथे सांगतो.

पहिले कलम हजेरीचे. ७५ टक्के उपस्थिती नसेल तर सत्र मंजूर होत नाही. कांदा काढणीस आला, मामाकडे लग्न निघाले, म्हणून मुलास आठवडा-आठवडा घरी बोलावून घेणाऱ्या पालकांनी हे ध्यानी धरावे. दुसरे कलम गुणांचे. १०० पैकी ३० गुण सत्र चालू असतानाच्या मूल्यमापनाचे आणि ७० गुण सत्रान्त परीक्षेचे. प्रात्यक्षिके व तोंडी परीक्षा आणखी निराळ्या. वर्षभर उनाडून फेब्रुवारीत कंदील लावून बसण्याची आमच्या पिढीची रीत तेथे चालत नाही. अभ्यासही आता ‘श्रेयांकां’त मोजतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० तासांचा अभ्यास, अर्थात एका श्रेयांकामागे ३० तास. वर्गातील तासिका संपली म्हणजे मुलगा मोकळा झाला, हा आपला समज त्या हिशेबात बसत नाही.

तिसरी अपेक्षा गणिताची, आणि तेथे आम्ही थोडे थांबतो. कारण जो मुलगा मोबाइल झपाझप चालवितो त्याच्यासाठी ही शाखा उत्तम, असे अनेक पालक आम्हांस सांगतात. ते खरे नव्हे. विषयाचे नाव कानांस नवे वाटले तरी तेही काही कालचे नाही. अमेरिकेत जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका प्रस्तावात ते प्रथम वापरले व पुढच्या वर्षी डार्टमथ महाविद्यालयात त्यावर उन्हाळी चर्चासत्र भरविले. आपल्या देशात हैदराबादच्या आय.आय.टी.ने २०१९ मध्ये या विषयाची स्वतंत्र बी.टेक. पदवी सुरू केली आणि पाठोपाठ आपल्या पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतूनही ही शाखा निघाली. नाव जुने, आणि पाया त्याहूनही जुना: मॅट्रिक्स, संभाव्यता, कलन, आणि त्यावर पायथॉन नावाच्या संगणकीय भाषेत आज्ञावली लिहिणे. ज्यास त्रैराशिकाचा कंटाळा आहे त्याने या वाटेस जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मुलींच्या पालकांस मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास वर्गातील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात व परीक्षाशुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतलेला आहे. पैशाअभावी मुलीस घरी बसविले, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

आता त्या पत्रकातील मुख्य कलम. ते यंत्राच्या साहाय्याविषयीचे होते. आज्ञावलीतील चूक शोधण्यासाठी किंवा न समजलेला भाग समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याने चॅटजीपीटीसारख्या यंत्राची मदत घेतल्यास हरकत नाही. परंतु कोणते साधन वापरले, त्यास काय विचारले, आणि त्याच्या उत्तरातील किती भाग घेतला, हे अहवालाच्या अखेरीस लिहिले पाहिजे. मित्रांशी चर्चा करावी, पण लिखाण ज्याचे त्याने करावे. आणि शेवटी असे होते की, प्राध्यापक कोणत्याही ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारतील. विद्यार्थ्यास उत्तर देता आले नाही तर ती ओळ त्याची नव्हे, असे समजले जाईल.

हे शेवटचे वाक्य वाचताच आम्हांस आमच्या वडिलांचे दुकान आठवले.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांचे बालपण शिवणयंत्राच्या पायट्याशी गेलेले आहे. वडिलांच्या दुकानी कोणी पोरगा काम शिकण्यास आला, की पहिले कित्येक महिने त्यास यंत्राला हात लावू देत नसत. काज, बटण, तुरपाई आणि धावदोरा. काज वाकडे झाले की उसवून पुन्हा. पोरगे कुरकुरले की वडील म्हणत, “यंत्राची टीप कुठं सुटली, हे हाताला कळायला हवं.” ते काही यंत्राचे वैरी नव्हते, कर्ज काढून यंत्र घेणाऱ्यांपैकी ते होते. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी सुमारे ८० यंत्रांचा कारखाना उभारला, तेव्हा पॅरिसच्या शिंप्यांनी चिडून पुढल्याच वर्षी तो मोडून टाकला. म्हणजे आपल्या व्यवसायबंधूंचाच हा पराक्रम! त्याने यंत्र थांबले नाही, हे सांगणे नको.

दिवाळीनंतर आम्ही हा दृष्टांत अनेकांस ऐकविला, आणि ऐकवता ऐकवता त्यातील उणीव आमच्याच ध्यानी आली. शिवणयंत्र फक्त शिवत असे. माप घेणे, कापड बेतणे, गिऱ्हाइकाच्या खांद्याचा उतार ओळखणे हे सारे कारागिराकडेच राहिले होते. हे नवे यंत्र बेतूनही देते. मग विद्यार्थ्याच्या हाती राहिले काय? आमच्या अल्पमतीस असे दिसते की, कपडा अंगावर बसतो की नाही हे पाहणे आणि न बसल्यास त्याची जबाबदारी घेणे, हे त्याच्याकडे राहिले. ज्याने कधी काज केलेच नाही त्यास ते पाहता येणार नाही.

याची प्रचिती आम्हांस घरबसल्या आली. नातवाच्या मोबाइलवर आम्ही त्या यंत्रास विचारले, “मढ गावाची माहिती दे.” त्याने मोठ्या डौलात उत्तर दिले: रम्य समुद्रकिनारा, कोळीवाडा, पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला! माळशेज घाटाच्या माथ्यावरून उतरणाऱ्या धुक्यात आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याशेजारी जन्म काढलेल्या आम्हांस आमच्याच गावाला समुद्र असल्याचे प्रथमच कळले. ते मुंबईचे मढ बेट होते. तालुका जुन्नर असे सांगताच त्याने क्षमा मागितली व दुसरी माहिती दिली. तीही धड नव्हती. आम्ही मढचे, म्हणून हसलो. लातूरच्या किंवा नागपूरच्या मुलाने ती माहिती निबंधात उतरवून घेतली असती आणि त्यास कोणी दोषही दिला नसता.

आता त्या मुलीच्या शून्याकडे वळू. तिने अहवाल स्वतःच लिहिला होता. प्रथम वहीत, अर्धा मराठीत आणि अर्धा इंग्रजीत. कारण विचार करताना तिला मराठीच सुचते. मग त्याचे मोडकेतोडके इंग्रजी केले, आणि वर्गापुढे हसे होईल या भीतीने यंत्रास सांगितले की, एवढे व्याकरण नीट करून दे. यंत्राने सारा अहवाल सफाईदार करून दिला. तो तिने सादर केला. शेवटी नोंद करावयाची ती केली नाही, कारण व्याकरण सुधारणे म्हणजे मदत घेणे हे तिच्या ध्यानातच आले नाही. महाविद्यालयाने तो अहवाल तपासणीच्या एका सॉफ्टवेअरमधून काढला. त्याने निर्वाळा दिला की हे लिखाण यंत्राचे आहे, आणि शून्य पडले. त्याच वर्गातील एकाने पैसे मोजून बाहेरून तयार प्रकल्प आणला होता. तो सुखरूप उत्तीर्ण झाला.

येथे थोडे खोलात जाणे इष्ट होईल. चोरी ओळखण्याचे जुने साधन म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी ताडून पाहणे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली प्रबंधांसाठी असे नियम केले: १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चढत्या पायरीने दंड, आणि ६० टक्क्यांवर साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द. परंतु यंत्राने लिहिलेला मजकूर कोठून उचललेला नसतो, त्यामुळे या चाळणीतून तो सहज गळून जातो. म्हणून ‘हे यंत्राने लिहिले की माणसाने’ हे ओळखणारी दुसरी यंत्रे निघाली. ती भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे साधन काढले आणि अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरविले. अमेरिकन मुलांचे निबंध मात्र बहुतांशी बरोबर ओळखले. कारण साधे आहे. ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित आहे तो सरळ, ठरावीक वाक्ये लिहितो, आणि ठरावीकपणा हीच त्या साधनांची यंत्राविषयीची खूण आहे.

बंधुभगिनींनो, या गोष्टीचा अर्थ आपल्या मुलांसाठी काय होतो तो पाहा. शहरातील इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलास यंत्राची गरज कमी, आणि त्याच्यावर संशयही कमी. मराठी शाळेतून गेलेले आपले मूल भाषेच्या धास्तीने यंत्राकडे अधिक धावते. न धावले, स्वतःच्या कष्टाने लिहिले, तरीही पकडले जाण्याचा धोका त्यालाच अधिक. आम्ही चाळीस वर्षे मराठीतून शिकविले आणि त्याची आम्हांस खंत नाही. पण हे वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरे.

दुसऱ्यांस नावे ठेवण्यापूर्वी आपल्या घरातले सांगतो. यंदा मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी ‘माझे ध्येय’ या विषयावर एक पान लिहून मागविले होते. अर्ज तपासण्याचे काम आमच्याकडे होते. सतरा अर्ज आले. पैकी सहांचा पहिला परिच्छेद एकाच साच्यातून निघालेला. सहाही मुले ‘बदलत्या जगाच्या उंबरठ्यावर’ उभी होती! आमचा संताप झाला आणि सहाही अर्ज बाजूस काढावेत असे मंडळास सुचविण्याच्या बेतात आम्ही होतो. तत्पूर्वी मुलांस बोलावून घेतले. त्यांतील एक मुलगा, जरासा धीट, म्हणाला, “गुरुजी, वापरू नका असं अर्जावर कुठं लिहिलंय?” आम्ही अर्जाचा नमुना उलटसुलट पाहिला. कोठेही लिहिलेले नव्हते. मुलाचे म्हणणे बरोबर होते आणि चूक मंडळाची, म्हणजे आमची, होती.

हाच मुद्दा २०२४ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला होता. कायद्याच्या एका विद्यार्थ्यास परीक्षेतील उत्तरे यंत्राने लिहिल्याच्या आरोपावरून अनुत्तीर्ण केले गेले. ते लिखाण आपलेच आहे, आणि शिवाय अशा वापरास मनाई करणारा स्पष्ट नियमच नाही, असे त्याचे म्हणणे होते. निवाडा होण्यापूर्वीच विद्यापीठाने त्यास उत्तीर्ण केल्याचे न्यायालयास कळविले आणि याचिका निकाली निघाली. नियम आधी सांगावा, मग शिक्षा करावी, हे आम्ही पहिलीच्या वर्गातही पाळत असू. मोठ्या संस्थांस त्याचा विसर पडतो.

आणि नियम एकाच बाजूने नसावा. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत प्रा. अशोक गोयल हे आपल्याकडून गेलेले गृहस्थ कृत्रिम बुद्धिमत्तेचाच एक अभ्यासक्रम शिकवितात. त्यांच्या वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी आणि सत्रभरात त्यांचे जवळजवळ १०,००० प्रश्न. सहायकांस उत्तरे देता देता पुरेवाट होई. २०१६ साली त्यांनी ‘जिल वॉटसन’ या नावाचा एक सहायक नेमला. तो नेमका आणि तत्पर उत्तरे देई. सत्र संपताना विद्यार्थ्यांस सांगण्यात आले की जिल ही बाई नसून यंत्र आहे. ९७ टक्के खात्री असल्याखेरीज ते उत्तर देत नसे, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. असा नियम काही वक्त्यांसही लावण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांनी म्हणे ती गंमत खिलाडूपणे घेतली. तरीही आम्हांस विचाराल तर, यंत्र वापरले हे सांगण्याचे बंधन विद्यार्थ्यास घालणाऱ्या गुरूने स्वतःही ते पाळावे. आजकाल काही ठिकाणी प्रश्नपत्रिका आणि टिपणे यंत्राकडून करून घेतात असे कानी येते. तेथेही तळाशी नोंद असावी.

यावर काही पालक म्हणतील, एवढ्या कटकटीचा विषय आपल्या मुलांनी घ्यावाच कशाला? आमचे उत्तर इतकेच की, तो आपल्या दारात आलेलाच आहे. बारामतीस उसाच्या शेतीत त्याचे प्रयोग झाले; राज्य शासनाने २०२५ साली शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी निराळे धोरण ठरविले. आपल्याच तालुक्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या रात्रंदिवस जी माहिती गोळा करतात, ती माणसाने डोळ्यांनी चाळावयाची म्हटली तर पिढ्या पुरणार नाहीत. तयार कपड्यांनी आपली दुकाने बंद केली तेव्हा आपण पुष्कळ उशिरा जागे झालो होतो.

म्हणून मंडळापुढे आम्ही काही गोष्टी ठेवल्या, आणि कार्यकारिणीने त्या मान्य केल्या आहेत. पुढील वर्षीपासून शिष्यवृत्तीच्या अर्जावर नियम छापलेला असेल: यंत्राची मदत घेतली असल्यास ती सांगावी, सांगितल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. प्रत्येक अर्जदारास दहा मिनिटे समोर बसवून मराठीत प्रश्न विचारले जातील. यंदाच्या त्या सहा मुलांस आम्ही आमच्या ओट्यावर बसवून एक पान पुन्हा लिहावयास लावले. त्यांतील दोघांचे लिखाण इतके सरस निघाले की, यंत्राकडे गेलेच कशाला, असा प्रश्न आम्ही त्यांस केला. दोघांनीही उत्तर दिले नाही.

महाविद्यालयात जाणाऱ्यांस आमचा एक व्यवहारी सल्ला आहे. कच्चे लिखाण टाकून देऊ नका. वहीची पाने, खाडाखोड, तारीख घातलेले मसुदे जपून ठेवा. चांगला शिंपी कपड्याबरोबर उरलेले कापड गिऱ्हाइकास परत देत असे. त्या तुकड्यांवरून कापड किती लागले आणि हात किती स्वच्छ आहे, हे न बोलता कळे. त्या मुलीसही त्यानेच तारले. सुटी संपवून गेल्यावर तिने मराठी-इंग्रजीत लिहिलेली वही प्राध्यापकांपुढे ठेवली. त्यांनी वीस मिनिटे तोंडी प्रश्न विचारले, सर्व उत्तरे बरोबर आली, आणि शून्याच्या जागी निम्मे गुण मिळाले. उरलेले निम्मे यंत्राच्या मदतीची नोंद न केल्याबद्दल गेले. आमच्या मते हा न्याय रास्त झाला. तिच्या मते नाही. तिचा प्रश्न असा की, विकतचा प्रकल्प आणणाऱ्यास ज्यांनी पूर्ण गुण दिले, त्यांनी आपले निम्मे कोणत्या तोंडाने कापावेत. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

ती येथे दुसऱ्या रांगेत बसलेली आहे. मे महिन्याच्या सुटीत बारावीच्या मुलांस आठवड्यातून दोन दिवस गणित आणि संगणक शिकविण्याचे तिने कबूल केले आहे. जागा मंडळ देईल. लॅपटॉप मात्र एकच आहे, तोही तिचाच. ज्यांच्या घरी जुना पण चालू लॅपटॉप पडून असेल त्यांनी तो चिटणिसांकडे नाव घालून द्यावा, सुटी संपताच परत मिळेल. जेवणापूर्वी ज्यांस या अभ्यासक्रमाविषयी काही विचारावयाचे असेल त्यांनी आम्हांस न विचारता तिलाच विचारावे.